न दिलेला आवाज

मी बटण दाबलं तेव्हा बाहेर मशीन कुणीच चालवत नव्हतं. हे मला नंतर कळलं. आत बसलेल्या माणसाला बाहेरचं काही कळू नये म्हणूनच ती खोली बांधलेली असते. कपाटापेक्षा थोडीच मोठी, भिंतींना राखाडी स्पंज, दार फ्रिजच्या दारासारखं चोख बसणारं, आणि खुर्ची अशी आडवी ठेवलेली की बसणाऱ्याला काचेपलीकडचे हात दिसू नयेत. हात दिसले की लोक कानांनी ऐकायचं सोडून डोळ्यांनी ऐकायला लागतात. मीही तशीच आडवी बसले होते, हेडफोन लावून, मुठीत बटण धरून, आणि मला आवाज आला. उजव्या कानात, बारीक, उंच, दूरच्या कुठल्या तरी घरात कुणी काचेच्या पेल्याच्या कडेवरून ओलं बोट फिरवावं तसा. मी दाबलं. थोड्या वेळाने पुन्हा आला, आधीपेक्षा हलका. दाबलं. मग डाव्या कानात. मग बराच वेळ काही नाही, आणि मग इतका पुसट की तो आवाज होता की आवाज येऊन गेल्याची नुसती जागा होती ते सांगता येऊ नये. तरी दाबलं. मला बरं वाटत होतं. वर्षभर दुसऱ्यांना आत बसवून बाहेरून आवाज देणाऱ्या माणसाला एखादा दिवस नुसतं ऐकायला मिळावं, कुणीतरी आपल्यासाठी आवाज काढतंय आणि आपण फक्त 'आला' एवढंच कळवायचं, यात एक वेगळीच विश्रांती असते. मग दार उघडलं. दारात आमचा भोंगा उभा, हातात चहाचा कप.

"कुणाला उत्तर देतेयस गं?"

"कुणाला म्हणजे? तुला."

"मी इथे नव्हतोच! खाली चहा घ्यायला गेलो होतो. म्हटलं, बसेल जरा निवांत. परत येतो तर तुझ्या बटणाचा दिवा लागतोय, विझतोय, लागतोय, आणि मॅडम हाताची घडी घालून बघतायत. मला वाटलं वायर गेली."

"वायर ठीक आहे," मॅडम त्याच्या मागून म्हणाल्या. "मी बघितली. हिचंच काहीतरी गेलंय."

दोघं हसले. मीही हसले, हेडफोन काढला, केस नीट केले. बाहेरच्या खोलीतला पंखा, रस्त्यावरच्या गाड्या, शेजारच्या दाताच्या दवाखान्यातलं ड्रिल, सगळं एकदम अंगावर आलं. त्या खोलीतून बाहेर पडल्यावर नेहमीच असं होतं. आज मात्र मला त्या सगळ्या आवाजांची थोडी शंका आली.

भोंगा आमची मशीन दुरुस्त करतो आणि गर्दी असली की तपासण्याही करतो. त्याचं खरं नाव हजेरीपुरतं उरलंय. त्याच्या घशात देवाने आवाज कमी करायची सोयच ठेवलेली नाही. तो पेशंटला "आवाज आला की बटण दाबायचं" एवढं समजावून सांगतो ते जिन्यापर्यंत ऐकू जातं, आणि मॅडम म्हणतात की तुझ्यासमोर बसवलं तर सगळे नॉर्मल निघतील, आपलं दुकान बंद होईल. मॅडमनी हे कान तपासायचं केंद्र त्यांच्या ऐन उमेदीत काढलं, आता त्यांना स्वतःला वाचायला दोन चष्मे लागतात, पण कान अजून मांजरीचे आहेत. वर्षाच्या शेवटच्या कामाच्या दिवशी दुपारनंतर पेशंट घ्यायचे नाहीत आणि आपण सगळ्यांनी एकेक करून आत बसायचं, हा त्यांचा नियम. आमचं मशीन तपासायला मोजमापाचं यंत्र घेऊन इंजिनिअर येतो तो नंतर, नव्या वर्षात. त्याआधी मॅडमना आमचे कान लागतात. त्यामागची गोष्ट सोपी आहे आणि मला ती पहिल्यांदा कळली तेव्हा फार आवडली होती. माझे कान किती हलका आवाज पकडतात ते माहीत आहे, भोंग्याचे माहीत आहेत, मॅडमचे माहीत आहेत. तिघांचेही आलेख गेल्या वर्षीपेक्षा सारखेच खाली घसरले तर मशीन बिघडलं. एकाचाच घसरला तर माणूस. दोन शक्यता वेगळ्या काढता येतात. जगात फार कमी ठिकाणी काय बदललं, आपण की समोरची वस्तू, हे इतक्या सरळपणे वेगळं काढता येतं.

या वर्षी मशीन ठीक होतं. मॅडमचा आलेख होता तसा, भोंग्याचा होता तसा. माझा सुधारला होता. तो सुधारणं शक्यच नाही. कान सुधारत नाहीत. आतल्या बारीक केसांसारख्या पेशी एकदा गेल्या की गेल्या, आणि वयाबरोबर त्या जातच राहतात. म्हणजे भोंगा खाली जायच्या आधीसुद्धा, तो खरोखर आवाज देत होता तेव्हाही, मी काही वेळा आवाज नसताना दाबलं होतं आणि ते योगायोगाने त्याच्या आवाजाशी जुळलं होतं. भोंगा कागद काचेवर धरून म्हणाला, "बघा, बघा. हिला मुंग्या चाललेल्या ऐकू येतात." मॅडमनी कागद घेतला, चष्मा बदलला. "झोपली नाहीस का काल?" "झोपले." "कानात काही वाजतं का? सूं वगैरे?" "नाही." कागद त्यांनी फाइलमध्ये घातला आणि भोंग्याला म्हणाल्या, "आता चहा आणलाच आहेस तर सगळ्यांना आण, एकटा काय पितोस."

नसलेल्या आवाजाला बटण दाबणारे लोक आमच्याकडे येतातच. त्यांना सांभाळायची पद्धत ठरलेली आहे. आवाज द्यायच्या मधल्या वेळा कमीजास्त करायच्या, मधेच बराच काळ काहीच द्यायचं नाही, तरी दिवा लागला तर थांबायचं, दार उघडून हसून पुन्हा समजावून सांगायचं. शिकत असताना मला वाटायचं की हे लोक लबाडी करतात. मॅडमनी पहिल्याच आठवड्यात ते डोक्यातून काढून टाकलं. त्या म्हणाल्या होत्या, "अगं, लबाड माणूस कमी दाबतो. त्याला बहिरं ठरायचं असतं, भरपाई हवी असते, सुट्टी हवी असते. येत असलेला आवाजसुद्धा तो सोडून देतो. जास्त दाबणाऱ्याला काही नको असतं. त्याला फक्त सुटून जायला नको असतं." मी ते ऐकलं, मान हलवली, वर्गात मांडलेल्या व्याख्येसारखं डोक्यात ठेवून दिलं. सुटून जायला नको, काय सुटून जायला नको, हे विचारायचं तेव्हा सुचलं नाही. आता जिन्याकडच्या खिडकीशी उभी राहून कोमट चहा पिताना मी स्वतःकडे एखाद्या पेशंटकडे बघावं तसं बघायचा प्रयत्न केला. तरुण, कान निरोगी, कामाची माहिती, दाबण्यात कसलाही फायदा नाही. तरी दिवा लागत होता. काय ऐकत होतीस तू?

आणि तिथेच, विचारताक्षणी, बाबा आठवले. उन्हाळ्यात त्या खुर्चीवर आडवे बसलेले, हेडफोनचा पट्टा टाळूवर घट्ट, पाठ ताठ, जणू फोटो काढतायत.

गेल्या वर्षी याच दिवशी, याच चहाच्या वेळी मॅडमनी विचारलं होतं, "बोला, पुढच्या वर्षी काय?" तेही त्यांचं दरवर्षीचं. प्रत्येकाने एक गोष्ट सांगायची, मोठमोठं काही नको, एकच, होईल अशी. भोंगा म्हणाला होता, हळू बोलेन. आणि ते तो इतक्या जोरात म्हणाला की दाताच्या दवाखान्यातली नर्स डोकावून गेली. मी म्हटलं होतं, बाबांना इथे आणून कान तपासून घेणार. बाबा छापखान्यात मशीनवर होते, निवृत्त होईपर्यंत. त्या मशीनच्या आवाजात माणसं एकमेकांशी खुणांनी बोलतात, आणि बाबा घरी आल्यावरही पहिला अर्धा तास खुणांनीच बोलायचे, पाणी दे, वाढ, कुठे गेली ती. बिघडलेले कागद ते घरी आणायचे, एका बाजूने कोरे. माझी सगळी गणितं मी त्या कोऱ्या बाजूंवर सोडवली आणि कंटाळा आला की उलटून पाठची बाजू वाचायचे. त्यामुळे मला अनेक गोष्टी अर्ध्याच माहीत आहेत. एका औषधाच्या सूचना 'चक्कर आल्यास ताबडतोब' इथपर्यंत. एका लग्नाला कुठे यायचं ते, पण कुणाच्या ते नाही. मी शिकायला बाहेर पडले तेव्हा ते रोज संध्याकाळी फोन करायचे आणि आज काय छापलं ते वाचून दाखवायचे, अगदी गंभीर आवाजात, साबणाच्या वेष्टणावरचा मजकूरसुद्धा. मी हसून लोळायचे. मग ते निवृत्त झाले, मी कामाला लागले, आणि प्रश्न फिरला. आता फोन लागला की ते विचारायचे, "आज किती कान?" मी सांगायचे, दहा, चौदा, आठ. एकदा म्हटलं, सात. लगेच म्हणाले, "सात कसे गं? एक कुणाचा राहिला?" एका पेशंटने दुसरा कान तपासू दिला नव्हता, घाई होती म्हणून निघून गेला होता, ते सांगितल्यावर बाबा पुढचे आठ दिवस त्या उरलेल्या कानाची चौकशी करत होते. आला का? नाही आला? विचार तरी करत असेल बिचारा, एकटाच.

उन्हाळ्यात ते आले. घरच्या माणसाची तपासणी आपण करायची नाही, ती मॅडमनी करायची, हाही आमचा नियम. म्हणून मी काचेच्या बाहेर मॅडमच्या मागे उभी होते. मॅडमनी आवाज दिला, दिवा लागला. हलका केला, लागला. आणखी हलका केला, लागला. मॅडमचा हात थांबला. त्या काहीच करत नव्हत्या. दिवा लागला. बाबांची फक्त एक बाजू मला दिसत होती, एक कान, एक गाल, आणि बटणावरचा अंगठा, ज्या अंगठ्याने ते कागदाची जाडी बघायचे. अंगठा पांढरा पडला होता. मॅडमनी दार उघडून सांगितलं, बाबा, आवाज आला तरच दाबायचं हं. बाबा म्हणाले, "आला ना. आला म्हणूनच दाबलं." पुन्हा सुरुवात, पुन्हा तेच. शेवटी मॅडमनी आलेख पूर्ण केला आणि खाली शेरा मारला, प्रतिसाद भरवशाचे नाहीत, तपासणी पुन्हा करावी. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "या कागदावरून काही ठरवू नकोस. हा खरा असेल तर त्यांना काहीच झालेलं नाही." बाहेर आल्यावर बाबा रस्त्यावर माझ्या डाव्या बाजूला येऊन चालायला लागले, मग उजव्या, मग पुन्हा डाव्या. "पास झालो का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, पुन्हा करावी लागेल. ते म्हणाले, "म्हणजे नापास." मी म्हटलं, तसं काही नसतं बाबा, परत एकदा बसायचं, बस. ते हसले आणि म्हणाले, "छान, छान."

माणूस शास्त्र शिकला म्हणजे आपल्याला हवा तो आकडा उचलायचं विसरतो असं नाही. त्या दिवसानंतर मी कुणालाही विचारलं असतं तर सांगितलं असतं की तो आलेख बाद आहे. पण मनात कुठेतरी मी दुसराच भाग धरून बसले. यांना काहीच झालेलं नाही. ते परत गेले. फोन चालूच होते, रोज, ठरल्या वेळी. फक्त काहीतरी सरकत होतं. कुठल्या दिवशी ते सांगता येणार नाही. म्हणून तर मॅडम वर्षातून एकदा मोजतात, रोज केसभर उतरणारी गोष्ट रोज बघणाऱ्याला दिसत नाही. बाबा विचारायचे, आज किती कान, आणि मी उत्तर देऊन संपायच्या आत म्हणायचे, छान, छान. घे आईशी बोल. मी एकदा म्हटलं, आज एकही नाही बाबा, वीज गेली होती दिवसभर. "छान, छान." मी म्हटलं, मला बरं नाहीये. "छान." आई मागून ओरडली की अहो, ती आजारी आहे म्हणतेय, आणि मग ते एकदम घाबरून, काय झालं, काय झालं, ताप आहे का, आणि मी काही सांगायच्या आत, हो हो, बरं बरं. मी विचारलं, पुन्हा कधी येताय? "छान, छान." काही दिवसांनी पुन्हा विचारलं. हो हो, छान. तिसऱ्यांदा विचारायच्या वेळी माझ्या आवाजात एक कोरडेपणा आला, तो मला स्वतःला ऐकू आला. मग मी विचारायचं सोडलं. मनाशी म्हटलं, कान तर ठीक आहेत, कागद आहे माझ्याकडे. त्यांना यायचंच नाहीये. किंवा बोलायचंच नाहीये. म्हातारपणी माणसं अशी होत असतील, आपल्या आत निघून जात असतील, आपण काय करणार. आणि मला राग आला असं म्हणावं तर रागही नव्हता. संध्याकाळ झाली की घशाखाली काहीतरी मोकळी जागा व्हायची. रस्त्याने येताना कुठल्या तरी दुकानाच्या पाटीवरचा मजकूर मी गंभीर आवाजात मनात वाचायचे, मग हसायचे, मग आजूबाजूला बघायचे. बाकी वर्ष चांगलं गेलं. मी खोली बदलली, नव्या खोलीला पूर्वेची खिडकी मिळाली, लहान मुलांची तपासणी करायला शिकले, जी मोठ्यांपेक्षा फार अवघड असते. कुणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, काही कमी नाही.

आणि आज मी त्या खुर्चीवर आडवी बसून न दिलेल्या आवाजाला उत्तर देत होते.

चहा पूर्ण गार झाला होता. खिडकीतून समोरच्या इमारतीचा मागचा भाग दिसतो, पाण्याचे पाइप, वाळत घातलेले कपडे, एका गच्चीवर कुणीतरी गादी झटकत होतं. झटका आधी दिसायचा आणि आवाज किंचित मागून यायचा. मला तो मधला रिकामा क्षण बघत राहावंसं वाटलं. त्या रिकाम्या क्षणात आपण आवाज ऐकतोच. येणार हे माहीत असतं म्हणून आधीच ऐकतो. बाबांना ते आवाज खरंच ऐकू आले होते. मॅडम गप्प, मशीन गप्प, आणि बाबा त्या स्पंजच्या खोलीत, काचेपलीकडे मुलगी उभी आहे हे माहीत असलेले, पुढचा आवाज येणार, आता येणार, आलाच. अंगठा पांढरा. माझाही आज तसाच झाला असेल. आणि फोनवरचं छान, छान. मी वाक्य संपवायच्या आत नव्हे, माझ्या वाक्यात त्यांना जिथे जिथे श्वास सापडत होता तिथे तिथे ते दाबत होते. आलं, आलं, सोडलं नाही मी काही. माझा आवाज पातळ आहे, फोनमध्ये आणखी पातळ होतो. छापखान्यातून आलेल्या कानांत नेमकी तीच वरची पट्टी आधी जाते, स, श, फ हे आवाज आधी जातात, स्वर उरतात. हे मी दर आठवड्याला कुणाच्या तरी मुलाला, सुनेला, नवऱ्याला समोर बसवून समजावून सांगते, कागदावर चित्र काढून. इतके महिने ते कानांतून निसटत चाललेल्या माझ्या आवाजाला उत्तर देत होते, आणि मी त्यांचा तो बाद आलेख खरा धरून बसले होते.

"ए, चल की! मॅडम थांबल्यायत," भोंग्याचा आवाज जिन्यात घुमला. "पुढच्या वर्षाचं सांगायचंय. मी सांगून मोकळा झालो."

"काय सांगितलंस?"

"हळू बोलणार."

"हे गेल्या वर्षीचं आहे."

"मग? झालं कुठे? पुरं होईपर्यंत तेच चालवणार मी. नवीन कशाला खर्ची घालू?" त्याने माझ्याकडे नीट बघितलं, आणि मग खरोखरच, त्याच्या मानाने, हळू आवाजात म्हणाला, "मुंग्यांचं मी असंच म्हटलं हं. मनावर घेऊ नकोस."

"नाही घेतलं. मॅडमना सांग, एक फोन करून येते."

तो गेला. मी फोन हातात धरून उभी राहिले. आमच्या ठरलेल्या वेळेला अजून अवकाश होता, उन्हं खिडकीच्या चौकटीवर होती. लावायच्या आधी वाक्य ठरवायला हवं. आमच्याकडे येणाऱ्या मुलांना आणि सुनांना मी तेच सांगते: ओरडू नका, ओरडल्याने आवाज फाटतो, शब्द नाही पोचत. खालच्या पट्टीत, सावकाश, लहान वाक्य. ठीक. पण काय? पुढच्या वर्षी आपण नीट बोलू, हे वाक्य फार लांब. मला तुमची आठवण येते, हे आमच्या घरात कुणी कुणाला कधी म्हटलेलं नाही. बाबा घाबरून आईला विचारतील की हिला झालंय काय. तपासणी नको म्हणायचं की तपासणी करू म्हणायचं? तपासणी या शब्दातला मधला स त्यांना पोचणारच नाही. सुट्टी काढून मी येते, यात पहिलाच शब्द स ने सुरू होतो. हसू आलं. आयुष्यभर ज्या माणसाने माझ्यासाठी छापील मजकूर जोरात वाचला त्याच्यासाठी मी एक ओळ जुळवू शकत नव्हते. तरी लावला.

"आज लवकर गं?" आई. "बरी आहेस ना?"

"बरी आहे. बाबा आहेत?"

"आहेत की. टीव्हीसमोर. इतका मोठा लावतात, वरच्या मजल्यावरची बाई म्हणते मला आता घरात टीव्ही लावायची गरजच नाही. थांब, देते." मग लांबून, तारस्वरात, "अहो! फोन! ती! नाही, ती! आपली!" टीव्ही बंद झाला. सपाता घासल्याचा आवाज, खुर्ची ओढल्याचा, फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याचा. मग बाबांचा श्वास. तो किती जवळ येतो फोनमध्ये. ते फोन कानावर दाबून धरतात, मला माहीत आहे, इतका की नंतर कानावर लाल चौकोन उमटतो.

"हं, बोल," बाबा म्हणाले.

मी तोंड उघडलं आणि वाक्य आलं नाही. ठरवलेलं एकही नाही. समोर गच्चीवरच्या माणसाने गादी खांद्यावर टाकली आणि तो आत गेला. मी श्वास घेतला, तोही आवाज न करता, जसा आम्ही मशीनपाशी घेतो. फोनमध्ये काहीच नव्हतं, माझ्या बाजूने काहीच.

"हो," बाबा म्हणाले.

मी गप्प होते.

"हो, हो. अगं, येऊ की." थोडं थांबले, ऐकत असल्यासारखे. "नाही नाही, त्रास कसला. बसने येऊ दोघं. मला काय काम आहे इथे? टीव्ही तर आहे." पुन्हा थांबले. मला त्यांचा श्वास रोखलेला ऐकू आला, आणि मग तो सुटल्याचा. "मला वाटलंच होतं तू म्हणशील."

मागून आई विचारत होती, काय म्हणतेय, काय म्हणतेय ती. बाबांनी फोन तोंडापासून थोडा दूर धरला असावा, पण त्यांचा आवाज कमी झाला नाही. तो आताशा कमी होत नाही.

"बोलावतेय," ते आईला म्हणाले. "बोलावतेय आपल्याला."

"खरं की तुमचं आपलं काहीतरी?"

"मी बोलतोय ना तिच्याशी? मग?"

इतके महिने त्या 'छान, छान'च्या खाली ते काय ऐकत होते हे मला आता कळलं. मी भिंतीला टेकले. खालच्या पट्टीत, पोटातून, भोंग्यालाही लाजवील अशा आवाजात मी म्हटलं, "या." त्या शब्दात अडणारं काही नव्हतं, सगळा उघडा स्वर. तो जिन्यातून खाली गेला, वर गेला, दाताच्या दवाखान्याचं दार किंचित उघडलं. "या, बाबा. या."

"अगं हो," बाबा जरा वैतागूनच म्हणाले. "तेच तेच किती वेळा सांगशील? ऐकलं की मी मघाशीच."